घरच्या घरी वेकस्केट बनवताना : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या तीन वर्षांत मी आणि माझे चुलते, म्हणजे आमचे तात्या, यांनी मिळून पाच वेकस्केट बनवले. तात्यांचा हात सुतारकामाचा. आयुष्यभर तिफणी, जू आणि दारांच्या चौकटी केल्या. पाचांतले पहिले दोन बोर्ड वाया गेले, तिसरा अजून वापरात आहे. बीड, परभणी, जालना, नांदेडकडची पोरं सारखी तेच ते विचारतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आम्ही स्वतः करून पाहिलं तेवढंच सांगतो.

वेकस्केट म्हणजे काय? वेकबोर्ड आणि हे एकच का?

एकच नाही. दोन्हींत दोरीने ओढल्या जाणाऱ्या फळीवर उभं राहून पाण्यावरून घसरत जायचं असतं. वेकबोर्डवर बूट फळीला घट्ट बसवलेले असतात. वेकस्केटवर पाय मोकळे, स्केटबोर्डवर असतात तसे. पडलात की तुम्ही एकीकडे, फळी दुसरीकडे. ओढायला होडी, जेट स्की, विंच (इंजिनाने दोरी गुंडाळणारं रीळ) किंवा केबल पार्कची, म्हणजे खांबांवरून फिरणारी, तार असते आणि वेग साधारण ताशी २५ ते ३० किलोमीटर.

घरी बनवणाऱ्याला या फरकाचा मोठा फायदा होतो. बूट नाहीत, म्हणजे ते अडकवायला फळीच्या पोटात धातूचे आटे बसवावे लागत नाहीत. सगळी ताकद लाकूड आणि जोड यांतच राहते. वेकबोर्ड घरी करायला मी कुणाला सांगणार नाही, वेकस्केट मात्र जरूर करा.

आपल्याकडे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही खेळाचं काय घेऊन बसलात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. घागरी रांगेत लावून ते दिवस काढलेल्या माणसाला पाण्यावर खेळायची भाषा टोचणारच. मी त्याच्याशी वाद घालत नाही. एवढंच सांगतो की या खेळात पाणी खर्च होत नाही. ते घाण होऊ शकतं आणि तिथे जबाबदारी आपली. इंजिनाचं तेल, रंगाचा डबा, घासलेल्या रेझिनची, म्हणजे वाळलेल्या गोंदाची, भुकटी यांतलं काहीही तलावात जाता कामा नये. गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर तलावाच्या काठाला असेल तर तो तलाव सोडून द्या.

आमचा हंगाम सप्टेंबर ते जानेवारी. तलाव भरला नाही त्या वर्षी बोर्ड भिंतीवर टांगलेला राहतो.

मग जायचं कुठे? नाथसागरात चालेल का?

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी तिथे उथळ पाण्यात उतरतात. आपला हंगाम नेमका तोच. परवानगीशिवाय तिथे विंच किंवा यंत्राची होडी नेऊ नका, आणि मला विचाराल तर परवानगी मागायलाही जाऊ नका. माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी हे मोठे जलाशय पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याचे आहेत. तिथे जलसंपदा विभागाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही.

आम्ही गावच्या एका साठवण तलावावर जातो. आधी ग्रामपंचायतीचं लेखी पत्र घेतलं, मग मासेमारीचा ठेका असलेल्या सोसायटीकडे गेलो. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. जाळी कुठे लावलेली असतात, बुडालेल्या बाभळींचे बुंधे कुठे आहेत, जुन्या पांदीचा दगडी बांध कुठे येतो, हे भोई मंडळींना पाठ असतं. एका म्हाताऱ्या भोईबाबांनी आम्हाला होडीतून फिरवून चार बुंधे बांबूने टोचून दाखवले. त्या ठिकाणी आता आम्ही रिकामे पिवळे कॅन बांधून ठेवतो. पाणी ओसरत जाईल तसे बुंधे वर येतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी पुन्हा बघावं लागतं. जिथे पडण्याची शक्यता आहे तिथे छातीएवढं पाणी तरी हवं.

बोर्ड केवढा करायचा?

पहिला बोर्ड १०७ सेंटिमीटर लांब आणि ३८ सेंटिमीटर रुंद करा, म्हणजे ४२ बाय १५ इंच. जाडी १२ मिलिमीटर. तुमचं वजन पंच्याहत्तर किलोच्या पुढे असेल तर लांबी ११२ पर्यंत न्या आणि एक थर वाढवा.

हे माप घ्यायला आणखी एक कारण आहे. ८ बाय ४ फुटी प्लायच्या एका शीटमधून रुंदीत तीन आणि लांबीत दोन, असे ४० सेंटिमीटर रुंदीचे सहा तुकडे बरोबर निघतात. म्हणजे ४ मिलिमीटरच्या एका शीटमध्ये तीन-तीन थरांचे दोन बोर्ड. मित्राला सोबत घ्या, शीट अर्धी-अर्धी वाटून घ्या. तुकडे कापताना वरच्या पापुद्र्याचे रेषे बोर्डच्या लांबीच्या दिशेनेच राहतील हे बघा. आडवे गेले तर बोर्ड पायाखाली लवत राहतो.

सागाची अखंड फळी का नको? सागाला पाणी लागत नाही म्हणतात.

साग पाण्यात टिकतो हे खरं. पण अखंड फळी रेषेने उभी चिरते, आणि वेकस्केटवर टाच आपटते तेव्हा चिरण्याचाच ताण येतो. शिवाय सागात तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. बाभूळ चिवट आहे, पण एवढी जड की पाण्यातून बोर्ड उचलताना दमायला होतं. प्लायमध्ये एका थराचे रेषे उभे, दुसऱ्याचे आडवे असतात, त्यामुळे चीर पुढे सरकत नाही.

प्लाय घेताना मरीन ग्रेड मागा. दुकानदार तिला बीडब्ल्यूपी किंवा नुसतंच ‘सातशे दहा’ म्हणतात, कारण तिचं मानक आयएस ७१० आहे. आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर प्लाय स्वयंपाकघरातल्या कपाटाला ठीक, इथे नको. शिक्क्यावर विसंबू नका. हातभर तुकडा मागून घ्या आणि घरी पातेल्यात चार-पाच तास उकळा. या प्लायला मानकाप्रमाणे बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं, तेव्हा पाच तासांत पापुद्रे सुटले तर शिक्का खोटा. कडेने बघताना थरांत पोकळ फटी दिसल्या तरी शीट परत करा. अशा फटीत एकदा पाणी शिरलं की ते बाहेर काढता येत नाही.

गोंद कुठला? मरीन फेविकॉल चालेल ना?

फर्निचरला चालतो. तासन् तास पाण्यात राहणाऱ्या आणि सतत वाकणाऱ्या बोर्डला इपॉक्सीच हवं, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून करायचा गोंद. फायबरचं काम करणाऱ्यांकडे पॉलिएस्टर रेझिनही मिळतं, उग्र वासाचं आणि स्वस्त. ते लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही, ते घेऊ नका.

इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर यांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ते वजनाने आहे की मापाने हे आधी वाचा आणि सोनाराला शोभेल इतक्या काटेकोरपणे पाळा. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतं हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे, कारण पॉलिएस्टरमध्ये थोडंफार तसं होतं. इपॉक्सीत जादा हार्डनर तसाच पडून राहतो आणि जोड कायमचा मऊ. आमचा दुसरा बोर्ड त्यानेच गेला.

एका बोर्डला चिकटवणं, लेप आणि फायबर कापड धरून साधारण एक किलो इपॉक्सी लागतं. हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. कातडीला एकदा ॲलर्जी बसली की पुढे थेंबभर लागलं तरी पुरळ उठतं. हात थिनरने धुऊ नका, साबणाने धुवा. घासताना तोंडाला चांगला मास्क हवा, रुमालाने भागत नाही.

बाक कसा आणायचा? प्लाय भिजवून वाकवायची का?

भिजवायची गरज नाही. बोर्ड पालथा न घालता जमिनीवर ठेवला की दोन्ही टोकं साधारण ५ सेंटिमीटर वर उचललेली दिसली पाहिजेत. एवढा बाक १०७ सेंटिमीटर लांबीत फार हलका आहे, ४ मिलिमीटरची प्लाय कोरडीच वाकते. एका थराला वाकवून सोडलं तर तो सरळ होतो. तीन थर ओल्या गोंदासकट साच्यावर दाबून धरले आणि गोंद वाळू दिला, तर ते एकमेकांना सरळ होऊ देत नाहीत. बोर्डचा बाक येतो तो असा.

तरी साच्यावरून काढल्यावर बोर्ड थोडा मागे येतोच. किती, याचा हिशेब आहे. सारख्या जाडीचे थर असतील तर थरांच्या संख्येचा वर्ग करा, बाकाचा तेवढावा हिस्सा परत जातो. दोन थरांत चौथा हिस्सा, तीन थरांत नववा, चारांत सोळावा. तीन थरांच्या बोर्डला ५० मिलिमीटर बाक हवा तर साच्याला ५६ द्या. तात्यांना हे गणित सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “जू करताना आम्ही बोटभर जास्त धरतो ते हेच की.”

साचा असा करा. १८ मिलिमीटरच्या जुन्या प्लायच्या तीन उभ्या पट्ट्या घ्या. त्यांवर बाक आखायला तीन खिळे ठोका आणि त्यांच्यामधून वायरिंगची प्लास्टिक केसिंग पट्टी वाकवून पेन्सिल फिरवा, रेघ आपोआप गोलाईदार येते. तिन्ही पट्ट्या एकदमच घट्ट धरून कापा म्हणजे फरक राहणार नाही. त्या उभ्या ठेवून वर दोन-दोन बोटांच्या अंतराने आडव्या रिपा ठोका, आणि रिपांवर एक पातळ प्लाय. सगळ्यावर शेततळ्याच्या कागदाचा उरलेला तुकडा अंथरा. त्या प्लास्टिकला इपॉक्सी चिकटत नाही, आणि तो कागद आपल्याकडे शेतातल्या कुठल्याही आखाड्यावर सापडतो.

रुंदीत खोलगटपणा द्यावा का, असं बरेच जण विचारतात. पायाला पकड चांगली मिळते, पण पहिल्या बोर्डला नको. वहीचा कागद लांबीत वाकवा आणि तसाच धरून रुंदीत वाकवायला जा, तो सुरकुततो. प्लायही तशीच अडते आणि मधे पोकळी राहते.

दाब द्यायला प्रेस नाही, मग काय करू?

आम्ही पहिल्यांदा युरियाची पोती वापरली. ४५ किलोची दहा पोती म्हणजे साडेचारशे किलो. काम झालं, पण कडेला दाब कमी पडला, कारण पोतं मधे फुगतं आणि कडेला उचलतं. पोतीच वापरायची तर आधी आडव्या जाड रिपा ठेवा, मालट्रकचे लोड बांधायचे पट्टे कडेने आवळा आणि मग पोती रचा.

तिसऱ्या बोर्डला शेजारच्या गोठ्यातला दूध काढायच्या यंत्राचा व्हॅक्यूम पंप घेतला, आणि तो सगळ्यात चांगला निघाला. हा पंप साधारण अर्ध्या वातावरणाइतकी पोकळी करतो. ऐकायला थोडं वाटतं, पण ४० बाय ११० सेंटिमीटरच्या तुकड्यावर तो दाब दोन टनांहून जास्त भरतो, आणि कडेपासून मध्यापर्यंत सारखा पडतो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत साच्यासकट सगळं घालायचं. वर एक प्लास्टिक, त्यावर जुनं घोंगडं, म्हणजे हवा सगळीकडून ओढली जाते. तोंड चिकटपट्टीने बंद करायचं. पंप आणि पिशवी यांच्यामध्ये एक रिकामा घट्ट डबा जोडा, ओलं रेझिन ओढलं गेलं तर त्यात पडेल. दुधाची बादली आणि दुधाच्या नळ्या यात अजिबात आणू नका. सकाळची धार झाल्यावर लावला तर संध्याकाळच्या धारेपर्यंत आठ-नऊ तास मिळतात, आमच्याकडच्या हवेत तेवढे पुरतात. मालकाला आधी विचारा आणि पंपाचं तेल तपासूनच परत द्या.

पंप नाही, गोठा नाही, तर फ्रिजचा जुना कॉम्प्रेसरही हेच काम करतो, फक्त पिशवी रिकामी व्हायला वेळ लागतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बनवलं तर?

मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये नका करू. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सीवर काम करायला मिळणारा वेळ जवळपास निम्मा होतो. डब्यात कालवून ठेवलेलं रेझिन स्वतःच तापतं, मग धूर येतो आणि डबा वितळतो. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे करा, शंभर-दीडशे ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. पावसाळ्यातही एक अडचण येते. दमट हवेत लेपावर मेणासारखा चिकट थर येतो. तो नुसत्या पाण्याने आणि घासणीने निघतो, पण तो न काढता पुढचा लेप दिला तर लेप धरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात बरा.

अजून एक. लेप नेहमी दिवस उतरताना द्या. सकाळी दिला तर ऊन वाढत जातं, लाकडातली हवा फुगते आणि लेपातून बुडबुडे वर येतात. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, तेव्हा ते उलट रेझिन आत ओढून घेतं. एवढ्या साध्या गोष्टीने आमचे तीन दिवसांचे घासण्याचे कष्ट वाचले.

बोर्ड दोन-चार वेळा वापरल्यावर फुगला. प्लाय खराब होती का?

बहुधा नाही. तुमची कड किंवा भोक उघडं राहिलं.

हे जरा सावकाश वाचा, कारण आमचा पहिला बोर्ड यात गेला. प्लायच्या वरच्या तोंडाने पाणी हळूहळू मुरतं. कडेला रेष्यांची टोकं उघडी असतात, बारीक नळ्यांच्या जुडीसारखी, तिथे पाणी कितीतरी पटीने लवकर चढतं. पहिल्या बोर्डला आम्ही वरून-खालून तीन लेप दिले, चकचकीत केला, आणि फिन, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणारे तळाचे छोटे पंखे, बसवायला सरळ चार भोकं पाडून स्क्रू आवळले. चौथ्या दिवशी त्या भोकांभोवती प्लाय पुरीसारखी फुगली. आठवड्याने पापुद्रे उलगडले. तात्या एवढंच म्हणाले, “लाकूड दुश्मन नाही रे, भोक दुश्मन हाय.”

तेव्हापासूनची आमची पद्धत सांगतो. जिगसॉने आकार कापल्यावर कडा रंध्याने आणि कानशीने गोल करतो. धारदार कोपऱ्यावरून लेप ओघळून पातळ होतो आणि पहिला दगड लागला की तिथेच निघतो. मग कडांना एक पातळ लेप, तो चिकट असतानाच दुसरा, आणि सगळ्या बोर्डसोबत आणखी दोन. भोक हवं त्याच्या दुप्पट मोठं पाडतो, ५ मिलिमीटरच्या बोल्टला १० मिलिमीटरचं. ते घासताना निघालेला बारीक भुसा कालवलेल्या इपॉक्सीने काठोकाठ भरतो, वाळू देतो आणि मग त्याच्या मधोमध ५ चं भोक पाडतो. बोल्ट आता लाकडाला शिवतच नाही, रेझिनच्या बाहीत बसतो.

फायबरचं कापड लावलंच पाहिजे का?

खालच्या बाजूला लावा, कारण बोर्ड काठाच्या मुरमावर घासतोच. दोनशे ग्रॅम वजनाचं विणलेलं कापड एक थर पुरे. टाक्या आणि छपरं करणारे जी चटई वापरतात, तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची, ती आणू नका. तिच्यातला गोंद पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही, मग ती कडक राहते आणि बाकावर बसत नाही.

आतून जोड पक्का झाला की नाही हे कसं कळणार?

दोन विटा ८० सेंटिमीटर अंतरावर ठेवा, बोर्ड त्यांवर ठेवा आणि मधोमध उभे राहा. सत्तर किलोच्या माणसाखाली तीन थरांचा बोर्ड दीड-दोन सेंटिमीटर लवतो. थर नीट जुळले नसतील तर तो त्याच्या कित्येक पट लवेल, कारण एकजीव झालेले तीन थर सुट्या तीन थरांच्या नऊपट ताठ असतात. मग रुपया घेऊन सगळीकडे टकटक करा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी बद्द. पोकळ जागा सापडली तर बारीक भोक पाडून इंजेक्शनच्या सुईने इपॉक्सी भरता येतं. वितभर जागा पोकळ असेल तर बोर्ड सोडून द्या, पाण्यात तो पायाखालीच उकलेल.

फिन कशाची?

स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या जाड चॉपिंग बोर्डची. १२ मिलिमीटर जाडीचा मिळाला तर उत्तम. उंची २५ ते ३० मिलिमीटर, कडा गोल. तळाच्या कडेत दोन आटे पाडायचे आणि वरून स्टेनलेसचे बोल्ट, डोकं फळीत रुतवून सपाट. दोन्ही टोकांपासून बारा-बारा सेंटिमीटर आत, बरोबर मधल्या रेषेवर एक-एक फिन. बुंध्याला लागली तर प्लास्टिकचे आटे निसटतात आणि बोर्ड वाचतो. शिकताना फिन हवीच, तिच्यावाचून बोर्ड आडवा फिरतो.

पाय घसरू नये म्हणून वर काय लावायचं?

बूट घालणार असाल तर हार्डवेअरच्या दुकानातली काळी खरखरीत अँटी-स्किड पट्टी, तिच्या कडांवर इपॉक्सीचा हात फिरवून. अनवाणी राहणार असाल तर तीन ते पाच मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम, दोन्ही बाजूंना लावायच्या पिवळ्या गोंदाने. ओल्या लेपावर वाळू चाळून टाकायची युक्ती आम्ही केली होती. पकड जबरदस्त येते, पण पडताना पोटाची आणि गुडघ्यांची साल निघते. लहान पोरांसाठी फोमच.

आमचा सुतार म्हणतो, मी करून देतो. त्याच्याकडूनच करून घेऊ का?

जरूर. आपल्या गावच्या सुताराइतका बाक ओळखणारा माणूस दुसरा नाही. त्याला ‘वेकस्केट’ सांगू नका, साच्याचं चित्र आणि मापं द्या. इपॉक्सीचं काम मात्र त्याच्या शेजारी उभं राहून करा, कारण त्याला पांढऱ्या गोंदाची सवय असते आणि कालवण्याचं प्रमाण तो नजरेने धरतो. त्याची मजुरी ठरल्याप्रमाणे द्या. पाहुणा-रावळा म्हणून फुकट करून घेऊ नका.

ओढायला ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालेल?

नाही. चालकाची नजर पुढे असते आणि पडलेला माणूस मागे असतो. दोरी बाभळीला अडकली तर थांबायला वेळ मिळत नाही. तलावाच्या भरावावरून गाडी पळवणं तर दोघांच्याही जिवावरचं. पाणी उपसायच्या पेट्रोल पंपाचं पाच-सहा अश्वशक्तीचं इंजिन विंचला पुरतं. चालवणारा माणूस दोरीने ओढल्या जाणाऱ्याच्या समोर बसलेला असावा. बटणावरचा हात सुटला की इंजिन बंद झालं पाहिजे आणि दोरीच्या रिळावर जाळीचं झाकण हवं. नायलॉनचा कासरा वापरू नका. तो ताणला जातो आणि सुटला की चाबकासारखा परत येतो. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कमरेला बांधायची नाही. हा नियम आमच्याकडे दोनदा मोडणाऱ्याला तिसऱ्यांदा दोरी मिळत नाही.

शेततळं घरचंच आहे. तिथे सराव केला तर?

करू नका. तीस मीटरचं शेततळं ताशी २५ किलोमीटर वेगाने चार-पाच सेकंदांत संपतं, हे कारण किरकोळ आहे. खरं कारण तो कागद. उताराच्या ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरलं की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. हाताला धरायला काही नसतं, पायाला टेकायला काही नसतं, आणि माणूस काठापासून दोन हातांवर दमून बुडतो. आपल्या भागातल्या किती घरांत हे दुःख आहे हे तुम्हाला माहीत आहे. बोर्ड बनवा अगर बनवू नका, पण शेततळं असेल तर आज त्याच्या चारही बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरांची साखळी तळापर्यंत सोडा आणि वरून पक्की बांधा.

कालव्यातही नाही. बाजू सिमेंटच्या, पाण्याला ओढ आणि पुढे कुठेतरी दार किंवा मोरी. त्यातून माणूस बाहेर येत नाही.

पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेटवर भागेल का?

आधी पोहायला शिका, मग जॅकेट घालूनच उतरा. दोन्ही हवं. बोर्ड तरंगतो, पण तो जेमतेम स्वतःपुरता. त्याला धरून कुणी वाचेल असं समजू नका. डोक्याला हेल्मेट घाला, कारण या खेळात सुटलेली फळीच जास्त लागते. पडताना बोर्डपासून लांब, पाठीवर पडा आणि वर येताना एक हात डोक्यावर धरा.

पहिल्यांदा उभं राहायचं कसं?

पाण्यात पाठीवर तरंगा, गुडघे छातीशी. बोर्ड आडवा आणि कडेवर उभा, दोन्ही टाचा त्यावर. पायाने धरता येत नसेल तर एका हाताने धरा. दोरी ओढू लागली की पाणीच बोर्डला तळव्यांशी दाबून धरतं. तेव्हा हात सरळ ठेवा आणि घाई करू नका. बहुतेक जण इथेच दोरी पोटाशी ओढून घेतात आणि तोंडावर जातात. बोर्ड पाण्यावर आला की हळू उठा आणि पुढचा पाय दोरीच्या दिशेला वळवा. माझ्या पुतणीला हे सहाव्या खेपेला जमलं, मला बाविसाव्या.

वापरून झाल्यावर ठेवायचा कुठे?

घरात, सावलीत, आडवा, दोन खुंट्यांवर. साध्या हवेत वाळलेलं इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. एप्रिलच्या उन्हात काळा बोर्ड किंवा पत्र्याखालचा माळा त्या तापमानाला सहज पोचतो, आणि टोकांवर टेकवून ठेवलेल्या बोर्डचा बाक तिथेच उघडतो. म्हणून रंग फिकट द्या. सगळ्यात वर उन्हापासून वाचवणारा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) पारदर्शक लेप हवा, कारण नुसतं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून पांढरी भुकटी सोडतं. नवा बोर्ड शेवटच्या लेपानंतर सात दिवस पाण्यात घालू नका. तलावावरून आलात की कडांवरून अंगठा फिरवा. कुठे खरखरलं तर त्याच दिवशी उन्हात न ठेवता पंख्याखाली दोन दिवस वाळवा, तेवढीच जागा घासा आणि संध्याकाळी चमचाभर इपॉक्सी कालवून बंद करा.